धाकटीच्या हळदीत थोरलीचा नाच

जेल, ९ जून २०२४

ताई,

नमस्कार बिमस्कार केला असं समज. कागद एकच मिळालाय आणि इथले साहेब पत्र वाचून मगच बाहेर सोडतात, तेव्हा कामाचं आधी लिहितो.

डिसेंबरातल्या आपल्या धाकट्या समृद्धीच्या हळदीपासून मी आत हाय आणि तू एकदा पण भेटायला आली नाय. आई येते, रडते, जाते. तुझं विचारलं की बोलते, क्लासला गेलीय, मुलांच्या परीक्षा हायत. बारा महिने कुणाच्या परीक्षा असतात गं? ठीक हाय, रागावली असशील. पण मला सांग, तो धर्मराज माझा कोण लागत होता, की मी उगाच त्याच्यावर मांडवाचा पाइप उचलीन? लग्नघरात, नवऱ्यामुलाच्या सख्ख्या भावावर? मी तुझ्यासाठी उचलला.

वकील बोलतात, मारलं हे काय नाकारता येणार नाय. पण का मारलं ते सांगता येतं. हळदीच्या आदल्या दिवशी तू मांडवात बसून ती इंग्लिश म्हण सांगत होतीस ना? धाकट्या बहिणीचं लग्न आधी झालं तर थोरलीला अनवाणी नाचायला लावतात, डुकराच्या कुंडात उभी करतात, ती? आणि दुसऱ्या दिवशी हा धर्मराज नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आपल्या घरी आला काय, तुला चपला काढायला लावल्या काय, घमेल्यात उभी केली काय! त्याच्याकडची माणसं टाळ्या पिटत होती. तू ओरडलीस. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणा भावाची जाणार नाय?

तर त्या म्हणीचा अर्थ काय, ती आली कुठून, ते सगळं तुझ्या हातचं लिहून हवंय. तू इंग्लिशची बाई, तुझ्या शब्दाला वजन हाय. बहिणीची बेअब्रू चालली होती म्हणून भावाचं डोकं फिरलं, हे जजसाहेबांना पटलं तर शिक्षा हलकी होते. धर्मराजला त्या दुपारचं काय आठवतच नाय. बाकीचे बोलतात बेंजो वाजत होता, गर्दी होती, आमी काय बघितलं नाय. राहता राहिलीस तू. तू बोलशील तेच कोर्ट ऐकणार.

लवकर लिही.

कल्पेश


विचुंबे, २३ जून २०२४

कल्पेश,

अर्थ हवाय ना? घे. पण पूर्ण घे. त्या दिवशी तू अर्ध्यातून उठून पान खायला गेला होतास.

इंग्रजीत ‘अनवाणी नाचणे’ असा एक जुना वाक्प्रचार होता. आता कुणी वापरत नाही, पण चारशे वर्षांपूर्वी लोकांच्या तोंडी होता. धाकटीचं लग्न लागलं आणि थोरली तशीच राहिली, की ती ‘बहिणीच्या लग्नात अनवाणी नाचली’ म्हणायचे. म्हणजे मागे पडली, राहून गेली. नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं ते, खरोखर नाचायला लावायचे. काही गावांत डुकरांना खाणं घालायच्या लाकडी कुंडात उभं करायचे, आणि थोरला भाऊ बिनलग्नाचा असला तर त्यालाही सोडत नसत. लोक पोट धरून हसायचे. इथवर तू ऐकलंस आणि उठलास.

पुढचं असं, की ती शिक्षा नव्हती रे बाबा, उतारा होता. थोरलीच्या नशिबाला लागलेली साडेसाती अनवाणी नाचली की सुटते आणि मग तिलाही नवरा मिळतो, असा त्यांचा समज. नाचलीच नाही, तर मात्र जन्मभर राहिली तशीच. पहिल्यांदा हे कुणाच्या डोक्यात आलं, ते नक्की कुणी सांगू शकत नाही. दाराला लिंबू-मिरची बांधायला कुणी सुरुवात केली, सांगता येईल तुला? तसंच ते. हे लिहून दे तुझ्या वकिलाला.

आता हळदीच्या दुपारचं. समृद्धीला कुठे राहवतंय, तिने ती म्हण धर्मराजला सांगितली. तो काय म्हणाला ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. “आयला, मग आमचा पण नंबर लागला की! धाकट्या आर्यनच्या आधी माझं व्हायला पायजे होतं, नाय झालं. आना ते कुंड!” चपला पहिल्यांदा त्याने काढल्या. मांडववाल्यांचं घमेलं त्यानेच ओढून आणलं, त्यात उभा राहून नाचला, घसरला, आपटला. त्याचे स्वतःचे मामा हसून हसून बेजार झाले. आणि मग मी उठले. मला कुणी उठवलं नाही. कुणी हात धरला नाही. माझ्या चपला मी काढल्या.

छत्तीस वर्षांची आहे मी. आपल्याकडच्या प्रत्येक लग्नात बायका माझ्याकडे बघून आवाज खाली करतात, आणि मी ताटं वाढायच्या निमित्ताने मागच्या दारी जाऊन उभी राहते. त्या दुपारी मी नाही गेले मागच्या दारी. मी नाचले. मला मजा आली, कल्पेश. इतकी मजा मला किती वर्षांत आली नव्हती.

मग धर्मराजने तुला हाक मारली. “या कल्पेशदादा, तुमी पण थोरलेच!” चौतिशी आली तरी तुला कुणी मुलगी देत नाही, का देत नाही तेही सगळ्या पनवेलला माहीत आहे, आणि लोक तुझ्याकडे बघून हसले. तेव्हा तुझं डोकं फिरलं. माझी अब्रू तुला मागाहून सुचली.

मी ओरडले ते तू पाइप उपसताना दिसलास म्हणून. पहिला तडाखा त्याच्या खांद्यावर बसला. तो हसतच वळला, त्याला वाटलं नाचताना कुणाचा धक्का लागला. दुसरा डोक्यात. तो आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही, तुलाही आला असेल ऐकू. तो घमेल्यावर कोसळला तरी तू थांबला नाहीस. मी तुझा दंड धरला, तू मला झटकलंस, आणि पडलेल्या माणसाच्या तोंडावर पुन्हा मारलंस. समृद्धीच्या गालावर ओली हळद होती, तिच्यावर रक्त उडालं. ती ते पुसायला गेली आणि सगळं तोंडभर झालं.

त्याचा डावा डोळा गेला. डावा हात उचलवत नाही. मार्चमध्ये आर्यनने समृद्धीशी रजिस्टर लग्न केलं, देवमाणूस म्हणायचा. तिला सासरी गेल्या गेल्या पहिलं काम काय मिळालं असेल? मोठ्या दिराला भरवायचं. सासू एक शब्द बोलत नाही तिला. बोलली असती तर बरं झालं असतं.

हे सगळं मी कोर्टात सांगणार आहे. तुला आधीच कळवून ठेवते. पाठीमागून वार करायची सवय मला नाही.

किशोरी


जेल, ७ जुलै २०२४

ताई,

वाचलं. वा! काय भाषण लिहिलंस. मला तर वाटलं माझी बहीण किशोरी लिहितेय, ही तर धर्मराजची कोण लागते?

लोकांपुढे अनवाणी नाचायची मजा आली बोलतेस. तुला कळत नाय ताई. शिकलीस पण अक्कल नाय आली. हसणारी माणसं कशाला हसतात ते बाई माणसाला कळत नाय, ते भावाला कळतं. बाबा गेल्यावर घर कुणी उभं केलं? कळंबोलीच्या लोखंड बाजारात भर उन्हात सळया कुणी मोजल्या? तुझ्या बीएडची फी कुणी भरली? आणि आता तू कोर्टात उभी राहून मला दहा वर्षं आत टाकणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ताई. आई तेवढी जगेल का?

तू एवढंच बोलायचं की त्याने हात धरून उठवलं आणि तू घाबरून ओरडलीस. खोटं कुठे हाय त्यात? ओरडलीस की नाय?

तुळशीराम येऊन जाईल घरी. माझा लहानपणापासूनचा दोस्त हाय, परका नाय. तो नीट समजावून सांगेल. त्याचं ऐक.

कल्पेश


विचुंबे, १८ ऑगस्ट २०२४

कल्पेश,

अक्षर वेडंवाकडं आहे, डाव्या हाताने लिहितेय.

तुळशीराम आला होता. रविवारी सकाळी, अंघोळ करून, कपाळाला गंध लावून. आईने चहा दिला. चहा प्यायला, बशी पुसून खाली ठेवली आणि मला म्हणाला, “मॅडम, तुमी याच हातानं लिवता ना?” मला वाटलं काही लिहून घ्यायचंय. त्याने माझा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि दोन बोटं मागे वळवली. एक लगेच मोडलं. दुसऱ्याला त्याला जोर लावावा लागला. मी किंचाळले तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने माझं तोंड दाबलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “कोर्टात पण असंच गप रायचं.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने बघितलं आणि ती परत आत गेली. तुझ्यावर रागावले नाही इतकी मी तिच्यावर रागावले. तो गेल्यावर तिने हळद लावली, फडकं बांधलं आणि माझे पाय धरले. पोलिसांत जाऊ नको, माझा एक आत हाय, तू पण हातची जाऊ नको. रात्रभर तेच. सकाळी डॉक्टरला मी सांगितलं, बाथरूममध्ये घसरले.

लपवत नाही, मी घाबरले आहे. क्लासवरून येताना मोटरसायकल मागे आली की मी जवळच्या दुकानात शिरते. रिक्षावाल्याने सहज नाव विचारलं तरी खोटं सांगते. खडू धरता येत नाही, मुलं विचारतात मॅडम काय झालं, तर हसून काहीतरी सांगते. मी अशी नव्हते.

तेव्हा ऐक. तुझ्या बाजूने खोटं मी बोलणार नाही, ते माझ्या तोंडून निघणार नाही. पण मला काही आठवत नाही असं सांगेन. गर्दी होती, बेंजो वाजत होता, बाकीचे सांगतात तसंच. मग तू सुटशील, नाहीतर थोडक्यात निभावेल. धर्मराजला तोंड दाखवायची मात्र माझी हिंमत नाही. समृद्धीला सांगितलं तर ती फोनवर रडली, आणि तिने फोन ठेवला.

तुळशीरामला सांग, परत येऊ नको.

किशोरी


जेल, ८ सप्टेंबर २०२४

ताई,

पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाय सांगत. शेवटी रक्त ते रक्त. तू बाथरूममध्ये पडलीस हे आईने सांगितलं, ऐकून वाईट वाटलं. हळद-दूध पी. तुळशीरामला बोललो, ताईला परत त्रास नाय द्यायचा.

काल गणपतीत इथे पण मोदक वाटले. मी बाप्पाकडे एकच मागितलं, ताईची बुद्धी अशीच राहू दे. सुटलो की आधी तुझं बघणार. एवढं सुद्धा वय नाय झालं तुझं. पण माणूस मी निवडणार. तुला माणसं कळत नायत ताई, हे तू मान्य कर. मी नसतो तर कधीच फसली असतीस.

आता सांगतोच. इथले साहेब हल्ली माझी पत्रं नुसती चाळतात आणि गोष्ट पण जुनी झाली. तो उरणचा कमलाकर आठवतो? क्लासला तुझ्याबरोबर गणित शिकवायचा, घरी मागणी घालायला आला होता तो? तुला वाटलं त्याने नकार कळवला. नकार द्यायला त्याच्या पायात जोर कुठे राहिला होता! त्याला कळंबोलीला बोलावला, ट्रक लागतात त्याच्या मागे. तुळशीरामने धरला आणि मी गुडघे बघितले. एक तर असा फुटला की हाड वर आलं. का, तर मला बोलला होता, किशोरी तिचं ती ठरवेल, तुमी कोण? मी कोण! माझ्या घरात बसून मला विचारतो, मी कोण!

हे नऊ वर्षं मी तुला बोललो नाय. तुझं नाव खराब होऊ नये म्हणून. भाऊ म्हणून काय काय करावं लागतं, ते तुला आज कळू दे.

आईला बोल, पुढच्या वेळी कोळंबीचं लोणचं पाठव.

कल्पेश


जेल, २० ऑक्टोबर २०२४

ताई,

दोन पत्रं टाकली, तुझं उत्तर नाय. तारीख लागलीय, नोव्हेंबरात तुझी साक्ष. आई बोलते तू घरात पण तिच्याशी बोलत नायस. तुळशीराम बोलतो, संध्याकाळची तू घरी नसतेस, समृद्धीच्या सासरी जातेस. तिथे काय काम? त्या आंधळ्याला बघायला जातेस?

एवढंच लिही की ठरल्याप्रमाणे हाय. एक ओळ लिही.

कल्पेश


विचुंबे, १ डिसेंबर २०२४

कल्पेश,

एक ओळ हवी होती, ती तुला कोर्टातच दिली. तरी हे शेवटचं लिहिते, कारण त्यानंतर काय झालं ते तुला कुणी सांगणार नाही.

सप्टेंबरचं तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. वाचून झाल्यावर आईपुढे ठेवलं. तिने वाचलं आणि म्हणाली, “जाऊ दे ना, किती वर्षं झाली.” तिला ठाऊक होतं! त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलत नाही. तू मोडून काढायचंस आणि तिने जाऊ दे म्हणायचं, असंच चाललंय आपलं घर.

मी समृद्धीकडे जात होते, बरोबर. धर्मराजला चालायला शिकवतात, त्याचा उजवा हात आर्यन धरतो आणि डाव्या बाजूला मी. पहिल्या दिवशी मी त्याला सांगितलं, मी कोर्टात गप्प बसायचं कबूल केलंय. त्याने ऐकून घेतलं. त्याची जीभ अजून जड आहे. म्हणाला, “मना तर कायच आठवत नाय. तुमाला आठवतंय, ते तरी जाऊ नका देऊ.” मला इतकी लाज वाटली! घरी येऊन मी सरकारी वकिलांना फोन केला.

कोर्टात तुझ्या वकिलाने किती फिरवून फिरवून विचारलं. तुम्हाला अनवाणी नाचवलं, तुमचा अपमान झाला ना? मी म्हटलं, मी आनंदात होते. त्याने हात धरला ना? नाही, माझा हात कुणीच धरला नाही. मग ओरडलात का? भाऊ पाइप घेऊन येताना दिसला म्हणून. जजसाहेबांनी विचारलं, साक्ष देताना कुणाचा दबाव आहे का? मी दोन बोटं वर करून दाखवली, ती आता सरळ होत नाहीत, आणि तुळशीरामचं नाव सांगितलं. तो मागच्या बाकावरच बसला होता. उठून बाहेर निघाला, दारात पोलिसांनी थांबवला. तू माझ्याकडे ज्या नजरेने बघितलंस ना, ती मी लहानपणापासून ओळखते. आधी ती दिसली की मी खोली बदलायची. त्या दिवशी मी उभी राहिले तिथेच.

दुसऱ्या दिवशी उरणला गेले. पत्ता आर्यनने शोधून दिला. दार कमलाकरच्या बायकोने उघडलं. मी नाव सांगितलं मात्र, तिने धाडकन दार लावून घेतलं. आतून कडी घातलेली ऐकली मी. शेजारची माणसं बाहेर येऊन बघायला लागली. मग मी बाहेरूनच म्हटलं, काल मी पनवेलच्या कोर्टात कल्पेशच्या विरुद्ध साक्ष दिली. माझ्या भावाच्या विरुद्ध. मी पायरी उतरायला लागले, तेव्हा कडी निघाली.

तो खुर्चीत बसला होता, शेजारी काठी. ओळखलं नसतं मी त्याला. मला बघून त्याने आधी माझ्या मागे बघितलं, अजून कोण आलंय ते. मी म्हटलं, एकटीच आहे. तरी त्याने बायकोला दाराबाहेर बघून यायला सांगितलं. ती बघून आली. मग त्याने मला विचारलं, “मी नको होतो तर तोंडाने सांगायचंस, किशोरी. त्यांना कशाला पाठवलंस?”

त्याचे गुडघे फोडताना तू त्याला सांगितलं होतंस, ताईनेच पाठवलंय.

मी नऊ वर्षं समजत होते की मी त्याला आवडले नाही. आरशात बघून बघून स्वतःत खोट काढत होते. आणि तो माणूस नऊ वर्षं मला घाबरत होता. पनवेलची बस दिसली तरी त्याला घाम फुटतो, असं त्याची बायको म्हणाली. मला घाबरत होता, कल्पेश. मला!

मी म्हटलं, मी नाही पाठवलं. मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ते वाचलं, बायकोला दिलं, तिने वाचलं. मग त्याने पुन्हा विचारलं, “खरंच तू नव्हतीस?” मी म्हटलं, नव्हते. तेव्हा तो रडला. मोठमोठ्याने, लहान मुलासारखा. त्याच्या बायकोने मला बसायला खुर्ची ओढून दिली आणि ती पाणी आणायला आत गेली.

पत्र त्याच्यापाशीच ठेवून आले. त्याचं काय करायचं, ते तो ठरवेल.

तुझ्या लोणच्याचं आई बघेल. मला लिहू नकोस. तुझं पाकीट आलं तर मी पोस्टमनला परत करीन, मला आता तुझी भीती वाटत नाही आणि तुझ्याबद्दल दुसरं काही वाटायचं शिल्लक नाही.

किशोरी